क्लारा टीचरचा एकोणिसाचा पाढा

वसईजवळच्या भुईगावात क्लारा टीचरचं घर विचारायची वेळ फक्त कुरियरवाल्यावर येते. बाकी सगळ्यांना ते ठाऊक आहे, कारण निम्म्या गावाने त्या ओट्यावर बसून कधी ना कधी पाढे म्हटलेत. चौतीस वर्षं टीचरने मराठी शाळेत तिसरी-चौथी शिकवली, जवळजवळ तितकीच वर्षं चर्चच्या कॉयरला सूर दिला, आणि ही दोन्ही कामं तिने एकाच वाद्यावर केली. ते वाद्य म्हणजे मेलोडिका. आता मेलोडिका म्हणजे काय, तर हातभर लांबीची पेटी, वर पियानोसारख्या पट्ट्या आणि टोकाला प्लॅस्टिकची नळी. नळी तोंडात धरायची, फुंकायचं आणि बोटं चालवायची. लाइट जावो, नाहीतर क्रूसाच्या सणाला भर रस्त्यात उभं राहून गायचं असो, हिला काही लागत नाही. वाजवणाऱ्याच्या छातीत दम असला की झालं. आणि टीचरच्या छातीत दम किती होता, ते तिच्या वर्गातल्या पोरांना विचारा.

एकोणिसाचा पाढा म्हटला की पोरं बाकाखाली पेन्सिल शोधायला लागायची. सतराचा कसाबसा, अठराचा ढकलत ढकलत, आणि एकोणिसाला वर्ग मुका. मग नोकरीच्या पहिल्याच वर्षी तिने त्या पाढ्याला स्वतः एक चाल लावली. चाल चांगली रडवी होती, पाढाच तसा होता ना. 'एकोणीस एके' एवढंच ती मेलोडिकावर वाजवायची आणि थांबायची. वर्गाने म्हणायचं, 'एकोणीस'. मग 'एकोणीस दुणे' वाजवायची आणि थांबायची. वर्ग म्हणायचा, 'अडतीस'. प्रश्न पेटीतून, उत्तर पोरांकडून. उत्तर आलं नाही तर टीचर पुढे जायची नाही. ओरडणं नाही, छडी नाही. तीच ओळ पुन्हा वाजवायची आणि चष्म्यावरून बघत उभी राहायची. सहाव्या ओळीला, एकोणीस सकला, भल्याभल्यांची गाडी अडायची.

सगळ्यात जास्त अडायची ती जेन्सनची. हा जेन्सन आज अडतीस वर्षांचा बाप्या आहे, अंधेरीला चांगल्या कंपनीत आहे, आणि गेली तीन वर्षं गावातल्या कॉयरचा लीडर आहे. मनाने वाईट नाही. पण दोन वर्षांपूर्वी नाताळच्या प्रॅक्टिसला, नवा कोरा कीबोर्ड आलेला असताना, तो सगळ्यांसमोर म्हणाला, "टीचर, तुमची मेलोडिका माइकवर अगदी खेळण्यासारखी वाटते. आता कीबोर्ड आहे ना, तुम्ही आराम करा."

कॉयरमधल्या पोरी हसल्या. टीचरसुद्धा हसली, हो बाबा, आराम करते म्हणाली. घरी आली, मेलोडिका जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळली आणि कपाटावर टाकली. त्या दिवसापासून तिने ती खाली काढली नाही. दर रविवारी चर्चमध्ये मिस्सेला, म्हणजे प्रार्थनेला, शेवटच्या बाकावर बसून गुपचूप गायची. नवरा आलोशियस केळीच्या वाडीतला माणूस, त्याला सूर-ताल कशाशी खातात ते माहीत नाही, पण घरात दोन वर्षं काहीतरी वाजत नाहीये एवढं त्यालाही कळत होतं. नातीने, चार वर्षांच्या टिफनीने, एकदा कपाटाकडे बोट दाखवून ते काय आहे विचारलं. क्लारा म्हणाली, "खेळणं आहे. तुझ्या वाढदिवसाला देईन." आणि तिने ते खरोखरच ठरवून टाकलं होतं. वाढदिवस मार्चच्या दुसऱ्या सोमवारी होता.

आता ऐका. जानेवारीतल्या एका रविवारी, मिस्सेहून आल्यावर, क्लाराने गॅसवर मटण ठेवलं होतं आणि मांडणीवरची झाकणं आपोआप वाजायला लागली. भूकंप म्हणावा तर कपाट हलत नव्हतं. फक्त झाकणं, आणि माठातल्या पाण्यावर बारीक बारीक वळ्या. क्लारा समजली. शेजारच्या शेडमध्ये कॅल्विनचं काम चाललंय. कॅल्विन म्हणजे लग्नाचा साउंडवाला, तोही तिचाच विद्यार्थी. तिने गॅस बारीक केला, पदर खोचला आणि त्याची चांगली खरडपट्टी काढायला निघाली.

शेडच्या दारात पोचली आणि जागच्या जागी थांबली. शेडमध्ये माणसाच्या उंचीचे चार बेस, म्हणजे घुमणारे मोठे स्पीकर, लावलेले होते. त्यांच्यातून जे येत होतं ते कानाला फारसं कळतच नव्हतं, थेट बरगड्यांत शिरत होतं. आणि त्या सगळ्या घुमण्याच्या वर, लांबून, एकटंच एक वाद्य रडत होतं.

"ही मेलोडिका आहे," क्लारा म्हणाली.

बेसच्या मागून एक चष्मेवाला पोरगेला माणूस बाहेर आला आणि त्याने आवाज बंद केला. "काकू, तुम्हाला कसं कळलं?"

"काकू नाही, टीचर म्हण," कॅल्विन घाईघाईने म्हणाला. आणि ओळख करून दिली. हा जितेश, नालासोपाऱ्याला आचोळ्यात राहतो, मूळचा सावंतवाडीकडचा. सोमवार ते शुक्रवार मुंबईत विम्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळतो आणि सुट्टीत हे असलं संगीत बनवतो. त्याला डबस्टेप म्हणतात. फ्लॅटमध्ये मोठे बेस लावले तर सोसायटी फाडून खाईल, म्हणून रविवारी इथे येऊन आपलं काम तपासतो.

खरडपट्टी राहिली बाजूला. क्लाराने स्टूल ओढलं. "मेलोडिका ह्यात कुठून आली ते सांग."

असा प्रश्न जितेशला आजवर कोणी विचारला नव्हता. ऑफिसात विचारत नाहीत, घरी आई कानात कापूस घालते. त्याला बोलायला लागल्यावर आवरेना. जमैका नावाचं बेट आहे, म्हणाला, तिथे साठ-सत्तर वर्षांपूर्वी कॅल्विनसारखेच साउंडवाले होते. मोठमोठे बेस रस्त्यावर लावायचे आणि एकमेकांवर कुरघोडी करायचे. मग त्यांच्यातल्या काहींनी एक गंमत केली. गाणं घ्यायचं आणि त्यातून गाणाऱ्यालाच काढून टाकायचं. खाली उरला ढोल आणि बेसचा खोल घुमणारा सूर, आणि मधल्या रिकाम्या जागेत इको सोडायचा, म्हणजे एक आवाज जाऊन परत येईल, पुन्हा जाईल, पुन्हा येईल. ह्याला डब म्हणायचे. आणि त्या रिकाम्या जागेत वाजवायला त्यांच्यातल्या एकाने शाळेतल्या पोरांचं वाद्य उचललं.

"मेलोडिका," क्लारा म्हणाली.

"मेलोडिका. लोक त्यालाही आधी हसलेच असतील, टीचर. पण पुढे त्या आवाजावर माणसं जीव टाकायला लागली. मग तिथली माणसं नोकरीधंद्याला इंग्लंडला गेली, आपले बेस आणि आपली रीत घेऊन. त्यांच्या पोरांनी तिथे चाल वाढवली, भरधाव केली, मग दुसऱ्यांनी नाचायला हलकी केली, त्याला गॅराज म्हणायचे. आणि दोन हजार सालाच्या आसपास लंडनच्या दक्षिणेला, आपल्या नालासोपाऱ्यासारख्याच शहराबाहेरच्या वस्तीत, पोरांनी घरच्या कॉम्प्युटरवर त्यातलं सगळं गोड गोड काढून टाकलं. परत ढोल आणि बेस. परत रिकामी जागा. तेच हे."

मग त्याने एका हाताने मांडीवर भराभर ठेका धरला आणि दुसऱ्या हाताने बऱ्याच उशिराने एकच टाळी दिली. "खाली एवढं पळतंय, पण टाळी तिसऱ्या मात्रेला एकदाच पडते. म्हणून ऐकणाऱ्याला वाटतं, सगळं निम्म्या चालीने चाललंय."

"मधल्या सुट्टीत पोरं पळत असतात आणि टीचर पटांगणातून चालत जाते, तसं," क्लारा म्हणाली.

जितेश तिच्याकडे बघतच राहिला. त्याला दहा वर्षांत हे इतकं सोपं करून सांगता आलं नव्हतं. मटण करपलं, ती गोष्ट वेगळी. आलोशियसने ते मुकाट्याने खाल्लं, कारण जेवताना क्लारा ताटाच्या कडेवर बोटांनी ठेका धरत होती आणि हे त्याने दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी तिने स्टूल घेतलं आणि कपाटावरचं गाठोडं खाली काढलं. नळीला भेग पडली होती. तिने सायकलच्या दुकानातून रबराची पट्टी आणून ती गुंडाळली.

पुढच्या शनिवारी ती रेकॉर्डिंगला जितेशकडे आचोळ्याला गेली. जितेशने तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधलं कपाट रिकामं करून आत रजया टांगल्या होत्या. क्लारा रजयांमध्ये तोंड घालून उभी राहिली, कानाला हेडफोन, हातात मेलोडिका. "तुमचं स्वतःचं काहीतरी वाजवा," जितेश म्हणाला. "दुसऱ्या कुणाचं नको."

आली का पंचाईत. क्लाराला शंभर गीतं येत होती आणि सगळी दुसऱ्यांची. जन्मात तिने स्वतः रचलेली चाल एकच होती. ती सांगायची तिला लाज वाटली, म्हणून काही न बोलता तिने ती वाजवायला घेतली. एक ओळ वाजवली आणि थांबली. दुसरी वाजवली आणि थांबली. पाचव्या ओळीला तिच्या ध्यानात आलं की आपण वर्गात नाही आहोत, उत्तर द्यायला इथे कोणी नाही. तिने नळी तोंडातून काढली. "सवय रे. मध्येच थांबते मी. पुन्हा सलग वाजवते."

"नको, नको," जितेश खुर्चीतून उठला. "टीचर, हात जोडतो, काही बदलू नका."

त्याने तिला ते इको लावून ऐकवलं. ती जिथे थांबली होती तिथे तिचाच सूर फिरून येत होता, एकदा, दोनदा, अंधुक होत, आणि खालून बेस त्याला पोटाशी धरत होता. चौतीस वर्षं ती ज्या जागा मोकळ्या सोडत आली होती, त्यांच्यासाठीच हे सगळं संगीत बनलंय असं तिला वाटलं. आनंदाने तिला बसवेना. जितेशने विचारलं, ही कुठली धून, वसईची जुनी लोकधून आहे का? "जुनी आहे," क्लारा म्हणाली आणि चहाचा कप तोंडाला लावला.

कॅल्विनने तर कळस केला. मार्चच्या दुसऱ्या रविवारी, दुपारी तीन ते सहा, त्याच्या मामाच्या वाडीतल्या लग्नाच्या पटांगणात कार्यक्रम ठरवला. जितेशचे मित्र मुंबईहून येणार, टीचर स्वतः उभी राहून वाजवणार. क्लाराने हो म्हटलं तेव्हा ती हवेत होती. जमिनीवर आली ती दोन दिवसांनी, आलोशियस सहज बोलून गेला तेव्हा. "मुंबईची पोरं ठीक आहेत. पण कॅल्विनने अख्ख्या गावाला सांगितलंय. आणि गावाला तर ते ओळखू येणारच की." मग घरच्या बोलीत, जी इथे लिहिली तर वसईबाहेरच्या कुणाला कळायची नाही, तो एवढंच म्हणाला की अगं, तो पाढा आहे.

क्लाराच्या डोळ्यांपुढे सगळं पटांगण उभं राहिलं. जितेश मुंबईच्या लोकांना लोकधून म्हणून सांगणार आणि गाव ओळखणार की म्हातारी एकोणिसाचा पाढा वाजवतेय. एक हसला की सगळे हसतील. आणि त्यात जेन्सन असणार. एकदा त्याने पेटीला खेळणं म्हटलं होतं, ह्या वेळी पेटी कपाटावरसुद्धा ठेवायची सोय राहणार नव्हती. तिने मनाशी पक्कं केलं. रविवारी फजिती झाली, तर सोमवारी मेलोडिका टिफनीची. मग ती पट्ट्या उपटो नाहीतर नळीने पाणी पिवो.

रविवारी पटांगण भरलं. एका बाजूला मुंबईची तीसेक पोरं काळे टी-शर्ट घालून, दुसऱ्या बाजूला भुईगाव, रविवारच्या कपड्यांत, पोराबाळांसकट. मध्ये कॅल्विनचे बेस, चारचे आठ झालेले. जितेशने पहिला अर्धा तास एकट्याने वाजवलं आणि गावाला आधी काही झेपेना. कुणी छातीवर हात ठेवून बघत होतं, कुणी बेससमोर प्लॅस्टिकचा ग्लास धरून त्यातलं सरबत कसं नाचतं ते दाखवत होतं. मग हळूहळू माना हलायला लागल्या. आणि जितेशने माइक घेतला. "आता क्लारा टीचर, वसईची एक जुनी लोकधून वाजवतील."

क्लारा माइकसमोर आली. तिसऱ्या रांगेत जेन्सन उभा होता, लेकीला खांद्यावर घेऊन. बेस सुरू झाला आणि पायाखालचे दगड थरथरायला लागले. तिने जेन्सनकडे बघायचं नाही असं ठरवलं, डोळे मिटले आणि फुंकलं. एकोणीस एके.

ती थांबली. इको गेला आणि परत आला. पटांगणात कुणीतरी फिसकन हसलं. क्लाराच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आता थांबावं तरी लाज आणि पुढे जावं तरी लाज. पण चौतीस वर्षांची सवय बोटांत होती. उत्तर आलं नाही तर टीचर पुढे जात नाही. तिने तीच ओळ पुन्हा वाजवली. एकोणीस एके.

"एकोणीस," मिक्सरजवळून कॅल्विन म्हणाला. सवयीने, शाळेतल्या आवाजात. बोलून गेल्यावर तोच दचकला.

एकोणीस दुणे, मेलोडिकाने विचारलं. ह्या वेळी पाच-पन्नास आवाज आले. "अडतीस." एकोणीस त्रिक. "सत्तावन्न." हसत होते, पण काय हसत होते म्हणून सांगू. पन्नाशीच्या बाया एकमेकींच्या दंडाला धरून म्हणत होत्या, अर्नाळ्याला दिलेल्या पोरी माहेरपणाला आल्या होत्या त्या म्हणत होत्या, रिक्षावाले, केळीवाले, बँकेतले, सगळे. जितेश मिक्सरवर हात ठेवून तोंडाचा आ वासून बघत होता. ही कसली लोकधून, ती साऱ्या गावाला पाठ कशी आणि तिच्यात आकडे कुठून आले, हे त्याला कोणी सांगायच्या मनःस्थितीत नव्हतं. एकोणीस चोक. "शहात्तर." मुंबईच्या पोरांनाही रीत कळली, उत्तर माहीत नसतानाही ती शेवटचं अक्षर ओढायला लागली. एकोणीस पाचे. "पंच्याण्णव." आणि क्लाराने डोळे उघडले. तिला आता कसलीच भीती वाटत नव्हती. अख्खं पटांगण तिचा वर्ग होता आणि ती खूश होती, इतकी की नळीतून फुंकताना गाल हसू येऊन सुटत होते.

मग ती सहावी ओळ आली. एकोणीस सक.

पटांगण गप्प झालं. चारशे माणसं, आणि सगळ्यांची गाडी नेमकी तिथेच अडली. एक-दोघांनी एकशे बारा म्हणून पाहिलं, एकजण एकशे सोळा म्हणाला आणि शेजारच्याने त्याला कोपर मारलं. जितेशला काय चाललंय ते पुरतं कळलं नव्हतं, पण तो डबवाला होता, जागा मोकळी करायची वेळ त्याला कळत होती. त्याने ढोल काढला. बेस काढला. इकोसुद्धा बंद केला. आठच्या आठ बेस मुके झाले आणि मागच्या वाडीतल्या केळीच्या पानांची सळसळ ऐकू यायला लागली.

क्लाराने नुसत्या मेलोडिकावर, दोन वर्षं कपाटावर पडलेल्या, रबराची पट्टी गुंडाळलेल्या त्या पेटीवर, ओळ पुन्हा वाजवली. एकोणीस सक. आणि चष्म्यावरून सरळ तिसऱ्या रांगेत बघितलं.

जेन्सनने लेकीला खांद्यावरून खाली उतरवलं. त्याचा चेहरा लाल झाला होता. ओठ हलले, बोटं मांडीशी काहीतरी मोजत होती. चौथीत जसा उभा राहायचा तसाच उभा होता, हात मागे. टीचर वाट बघत होती. सगळं गाव वाट बघत होतं.

"एकशे चौदा, टीचर," जेन्सन म्हणाला.

जितेशने आठही स्पीकरांतून सगळं एकदम सोडलं, ढोल, बेस, इको, आणि पटांगणातलं एकूणएक माणूस जागच्या जागी उसळलं. आलोशियस, ज्याला सूर-ताल कशाशी खातात ते माहीत नव्हतं, तो दोन्ही हात वर करून नाचत होता. टिफनी त्याच्या पायात लुडबुडत ओरडत होती की ते खेळणं माझं आहे, उद्या मला मिळणार आहे.

"नाही मिळणार," क्लारा माइकवर म्हणाली. मग तिने नळी तोंडात धरली आणि सातवी ओळ वाजवायला घेतली.